एका भोकात दोन वायरी

पाचगाव रोडला कुठल्याही नव्या बांधकामावर जाऊन मल्लेश वायरमन कसा आहे असं विचारा. आधी एक शिवी ऐकू येईल आणि मग 'पण काम त्याचंच' असं उत्तर मिळेल. दोन्ही खरं होतं. गडी कामाला देव आणि तोंडाला आग.

मूळचा तो नेसरीचा. आयटीआय करून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला आणि सुपरवायझरशी भांडून बाहेर पडला. भांडणाचं कारण एवढंच, की साहेबानं घाईत दिलेला एक जोड मल्लेशनं सगळ्यांदेखत पकडीनं तोडला आणि त्याच्या हातात ठेवला. चूक साहेबाचीच होती. पण चूक दाखवायचीसुद्धा एक रीत असते, ती मल्लेशला कधीच जमली नाही. उचगावात एका मास्तरांच्या घरी त्यानं जळका बोर्ड उघडला, आत बघितलं आणि तो तसाच काढून मास्तरांच्या मांडीवर आदळला. "हे बघा सर. एका भोकात दोन वायरी कोंबल्यात. कुणी केलंय हे काम? त्याला वायरमन म्हणायचं का कोंबडीचोर?" काम मास्तरांच्या मेव्हण्यानं केलं होतं आणि मेव्हणा तिथंच चहा पीत बसला होता.

एका भोकात एक वायर, हा मल्लेशचा धर्म होता. सॉकेटच्या पाठीमागं वायर घालायला भोकं असतात आणि वरून स्क्रू आवळतात. पुढच्या सॉकेटला लाइन न्यायची म्हणून एकाच भोकात दोन वायरी घातल्या, की स्क्रू जाड वायरीला धरतो आणि बारीक वायर नुसती शेजारी पडून राहते. वरून सगळं चांगलं दिसतं. दिवाही लागतो. मग कधीतरी लोड येतो, भोक तापतं, आणि ती बारीक वायर हळूच अंग काढून घेते. म्हणून मल्लेश जोड नेहमी भिंतीतल्या डब्यातच द्यायचा, त्याला चांगला कनेक्टर लावायचा आणि सॉकेटला वायरीचं एकच शेपूट द्यायचा. सॉकेट जळलं तरी पुढची लाइन शाबूत. वेळ जास्त जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरणाऱ्याला मल्लेश म्हणायचा, "मग त्या कोंबडीचोराला बोलवा की."

अशा या माणसाला चनबसाप्पांच्या नव्या घराचं काम मिळालं, ते त्यांच्या बायकोमुळं, शिवगंगाक्कांमुळं. आक्काही नेसरीच्याच, मल्लेशच्या गल्लीतल्या. त्या त्याला तम्मा म्हणायच्या; कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. चनबसाप्पांचं मार्केट यार्डात पेंडीचं दुकान. माणूस दिलदार, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की होल्डरमधल्या बल्बची एक वायर फेजला लावायची आणि दुसरी तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थच्या भोकात घालायची. बल्ब पेटला की अर्थिंग चांगलं. झालं. चनबसाप्पा तो बल्ब घेऊन घरभर फिरायचे. "काका, ह्या उघड्या वायरीनं एखाद्या दिवशी तुम्हीच पेटाल," असं मल्लेशनं सांगून बघितलं. पण बल्ब काही सुटला नाही. माळरानाची खडकाळ जमीन, अर्थिंगचा खड्डा कितीही नीट भरला तरी बल्ब जरा मंदच पेटायचा. तेवढीच एक रुखरुख चनबसाप्पांना होती.

गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फ्रीज आला. मुलानं, राजवर्धननं, आईला सांगितलेल्यापेक्षा मोठा घेतला होता. दोन दारांचा, स्टीलचा, चकचकीत. नेमलेल्या जागी उभा केला आणि दार उघडलं, तर ते थेट देव्हाऱ्याच्या चौकटीवर आपटलं. आक्कांचा चेहरा उतरला. उद्या पूजेला मठाचे स्वामी येणार आणि देवाच्या दाराला फ्रीज धडका देणार!

"समोरच्या भिंतीला सरकवा की," कुणीतरी म्हणालं.

समोरच्या भिंतीत मात्र फ्रीजसाठी पॉइंटच नव्हता. होती ती एका दिव्यासाठी टाकलेली बारीक पाइप. मल्लेशनं तिच्यातून दोन वायरी ओढल्या. तिसरी काही केल्या जाईना. तिसरी म्हणजे अर्थची. भिंत फोडून नवी पाइप टाकायची तर वर परवाच बसवलेल्या टाइल्स, आणि चनबसाप्पांनी आधीच बजावलेलं, "टाइल्सला टिकाव लागला तर मला तोंड दाखवू नगोस."

बरोबर उत्तर मल्लेशच्या जिभेवर आलं होतं. फ्रीज उद्याच्या दिवस बंद ठेवा, परवा मी नीट पॉइंट काढतो. एवढं वाक्य. तेवढ्यात चनबसाप्पा शेजाऱ्यांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "आमच्या मल्लेशला जमत न्हाय असं एक काम दाखवा मला!"

माणसाला शिवी पचते, कौतुक पचत नाही. मल्लेशनं वाक्य गिळलं आणि पकड उचलली.

मिक्सरच्या सॉकेटमधून त्यानं फेज आणि न्यूट्रल उचलली. त्या डब्यात कनेक्टरला जागा नव्हती, म्हणून त्याच भोकात जुन्या जाड वायरीशेजारी नवी बारीक वायर घालून स्क्रू आवळला. ज्यासाठी आयुष्यभर लोकांना शिव्या घातल्या, तेच काम. आणि फ्रीजच्या सॉकेटला अर्थ नव्हती, म्हणून वायरीचा एक तुकडा घेऊन अर्थची पिन तिथल्या तिथं न्यूट्रललाच जोडून टाकली.

हे काय केलं ते पाटाच्या पाण्यावरून कळेल. फेज म्हणजे रानात पाणी आणणारा पाट. न्यूट्रल म्हणजे ते परत नेणारा नाला. अर्थ म्हणजे सांडवा; कुठं फुटलं-तुटलं तर पाणी माणसाच्या घरात शिरू नये म्हणून ठेवलेली वेगळी वाट. मल्लेशनं सांडव्याचं तोंड नाल्यालाच जोडलं होतं. नाला वाहतोय तोवर कुणाला काही कळत नाही. नाला तुंबला की पाणी सांडव्यातून उलटं घरात. म्हणजे न्यूट्रल तुटली की फ्रीजच्या सगळ्या पत्र्यात करंट. असा करंट अंगात शिरायला लागताच लाइन तोडणारा एक स्विच मिळतो, आरसीसीबी म्हणतात त्याला. पण दुकानदारानं चुकीच्या मापाचा पाठवला होता, म्हणून मेन बोर्डात त्याची जागा अजून रिकामीच होती.

परवा येऊन सगळं काढून टाकतो, असं मल्लेशनं स्वतःला सांगितलं.

चनबसाप्पा बल्ब घेऊन आलेच. वायर अर्थच्या भोकात घातली आणि बल्ब असा लखकन पेटला, की स्वयंपाकघर उजळलं. पेटणारच. त्याला न्यूट्रलच मिळत होती. पण चनबसाप्पांना वाटलं, सबंध घरातलं सगळ्यात भारी अर्थिंग इथंच झालंय. त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. "बघा, ह्याला म्हणत्यात अर्थिंग! न्हाय तर तुमच्या घरातलं!" शेजारी माना हलवत होते. मल्लेश खाली वाकून हत्यारं गोळा करत होता आणि ती गोळा करायला त्याला बराच वेळ लागत होता.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. पाहुणे नेसरीचे, गडहिंग्लजचे, पार निपाणीकडचे. एका कोपऱ्यात मराठी, दुसऱ्या कोपऱ्यात कानडी, आणि स्पीकरवर भजनं. हॉलच्या भिंतीला डेकोरेशनवाल्यानं झेंडूचा पडदा सोडला होता आणि त्याच्यासमोर स्वामींचं आसन मांडलं होतं. मल्लेशनं आल्या आल्या बघितलं, की मेन बोर्ड बरोबर त्या पडद्यामागं गेलाय. त्याला ते आवडलं नाही. पण बोलायची जागा नव्हती. त्याला नेऊन मानाच्या रांगेत बसवलं होतं.

घर बांधणाऱ्या कारागिरांना या दिवशी मान द्यायचा असतो. शेजारी गवंडी कृष्णात बसला होता, त्याच्या पलीकडं सुतार हंबीरराव. समोर ताटात तिघांसाठी टॉवेल, टोप्या आणि नारळ. मल्लेशची बायको घरून निघताना म्हणाली होती, टोपीतला फोटो काढून आणा. एरवी तो अशा मानाला हसायचा. आज मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पण अधूनमधून फ्रीज आठवायचा. मग तो स्वतःला सांगायचा, आजचा दिवस. आजचाच दिवस.

पाद्यपूजा झाली. चनबसाप्पा आणि शिवगंगाक्कांनी परातीत स्वामींचे पाय धुतले, बेल वाहिला, विभूती लावली. मग रीतीप्रमाणं आक्का उठल्या. एका हातात त्या पादोदकाचा तांब्या, दुसऱ्या हातात ओल्या विभूतीची वाटी. खोलीखोलीत पाणी शिंपडायचं आणि घरातल्या प्रत्येक नव्या वस्तूवर विभूतीची तीन बोटं ओढायची. तिजोरी, पलंग, कपाट, शेगडी. पाय अनवाणी, पदर ओला, हात ओले. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांच्यामागं चार बायका.

तेवढ्यात सून सुष्मिता स्वयंपाकघरातून हॉलच्या दाराशी आली. मल्लेशला बघून तिला बरं वाटलं.

"मल्लेशकाका, जेवणं झाल्यावर जरा फ्रीज बघा की. बंद पडलाय. आतला दिवाबी लागंना झालाय."

मल्लेशची मान वर झाली. "कवापासनं?"

"आत्ताच. चटणी वाटायला मिक्सर लावलाय, त्यानंतर. सकाळी दार उघडताना हाताला मुंग्या आल्यात्या, पण म्हटलं नवा हाय, असंल तसं."

"मिक्सर बंद पडलाय का?"

"न्हाय की. ऐका, चालूच हाय."

ऐकू येत होताच. आचाऱ्यानं आणलेला मोठा मिक्सर मघापासून घरघरत होता. सुष्मिता पानं वाढायला अंगणाकडं निघून गेली. मिक्सर चालू आणि फ्रीज बंद. दुसऱ्या कुणाला यात काही दिसलं नसतं. मल्लेशला सॉकेटच्या पाठीमागचं ते भोक डोळ्यांपुढं दिसलं. लोडनं तापलेलं, जाड वायरीला धरून बसलेलं, आणि त्याच्यातून निसटलेली त्याची बारीक न्यूट्रल. फ्रीज बंद पडला म्हणून सगळ्यांना निर्धास्त वाटणार होतं. आणि तो बंद पडला होता म्हणूनच आता त्याचा सगळा पत्रा जिवंत होता.

आतल्या खोलीच्या दारातून आक्का बाहेर आल्या. हॉलच्या कडेनं पाणी शिंपडत चालल्या. आता फक्त स्वयंपाकघर राहिलं होतं.

ओरडायचं होतं. एवढंच करायचं होतं, 'आक्का, फ्रीजला हात लावू नका' म्हणून बोंब ठोकायची. तोंडाला आग असलेल्या माणसाच्या तोंडातून शब्द फुटेना. कारण ओरडलं की सगळेच माना वळवणार. का, असं विचारणार. चनबसाप्पा विचारतील, कृष्णात विचारेल, नेसरीचे पाव्हणे विचारतील. मल्लेशनं डोकं चालवलं. हळूच उठावं, लघवीला जातो म्हणावं, स्वयंपाकघरात जाऊन नुसतं फ्रीजचं बटण बंद करावं. कुणाला काही कळायचं नाही. तो अर्धवट उठला. चनबसाप्पांनी लांबूनच हात केला, "बस, बस, आता तुझाच नंबर!" आणि तो बसला.

बसला! त्या बसण्याची लाज त्याला पुढं जन्मभर पुरली. किती वेळ बसला असेल? दोन श्वास, तीन श्वास. तेवढ्यात आक्का बायकांच्या घोळक्यासकट स्वयंपाकघरात शिरल्या आणि दार माणसांनी भरून गेलं.

मग मात्र तो उठला. स्वयंपाकघराकडं वाट नव्हती. समोर मेन होता, फुलांच्या मागं. मल्लेश मानाचं ताट ओलांडून धावला, स्वामींच्या आसनाला घसटून गेला, परात पायाखाली येऊन कलंडली आणि पाणी सगळ्या हॉलभर झालं. "आक्का! हात लावू नका! फ्रीजला हात लावू नका!" आता शब्द फुटले, पण स्पीकर आणि मिक्सरमध्ये कुणाला काही कळेना. त्यांना दिसला तो फक्त एक माणूस, स्वामींच्या डोक्यावरचा झेंडूचा पडदा ओरबाडून काढणारा. "दारू प्यालाय काय रं!" कुणीतरी त्याची कॉलर धरली. शर्ट टरकला. त्यानं बोर्डाचं झाकण उघडलं आणि मेनची कळ खाली ओढली.

कळ खाली यायच्या आधी आतून वाटी पडल्याचा आवाज आला.

मिक्सर थांबला. स्पीकर थांबला. सबंध घरात एकदम इतकं शांत झालं, की परातीचं कडं फरशीवर गरगरत होतं तेवढंच ऐकू आलं. आणि मग बायकांचा कल्लोळ उठला.

शिवगंगाक्का ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, डोळे उघडे, ओठ पांढरे. फ्रीजच्या दारावर विभूतीचं एकच बोट उमटलं होतं. पाहुण्यांत एक डॉक्टर होते, त्यांनी नाडी बघितली, छातीला कान लावला. "शुद्धीवर आहेत. पण हृदयाची पट्टी, ईसीजी, काढून आणायला पाहिजे, आत्ताच्या आत्ता." राजवर्धननं आईला उचलूनच गाडीत घातलं.

गाडी गेली आणि चनबसाप्पा फुटले. पण ते मल्लेशवर नाही, फ्रीजवर. "फुटका माल गळ्यात मारला मला! माझ्या बायकोचा जीव गेला असता!" त्यांनी दुकानदाराला फोन लावून अशा शिव्या घातल्या, की लांब बसलेल्या म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. "आत्ताच्या आत्ता तुझा माणूस पाठव, त्याला मी ह्याच फ्रीजला बांधतो!" मग ते मल्लेशकडं वळले. डोळ्यांत पाणी होतं. फाटक्या शर्टासकट त्याला त्यांनी मिठी मारली. "आणि ही लोकं ह्याला दारुडा म्हणत होती! ह्यानं ओळखलं. वास आला असंल ह्याला. मेन पाडला म्हणून वाचली माझी शिवगंगा." कॉलर धरणारा पाव्हणा खाली मान घालून म्हणाला, "चुकलं दादा आमचं."

असं तयार ताट कुणाच्या नशिबी येतं? वायरमन निर्दोष, वर शूर. दोष सगळा एका मुक्या फ्रीजचा. मल्लेशनं फक्त गप्प राहायचं होतं. संध्याकाळी लोक पांगल्यावर तो तुकडा काढून खिशात टाकायचा होता. त्याला हे सगळं सुचलं, हे लपवण्यात अर्थ नाही. तो गप्पच राहिला होता. स्वामी आसनावरून उठले नव्हते. ओल्या पायांनी तसेच बसून त्याच्याकडं बघत होते.

"माझ्या घराचं अर्थिंग कसं हाय, काल सगळ्यांनी बघितलंय," चनबसाप्पा पाहुण्यांना सांगू लागले. "फ्रीज त्याचा फुटका असंल, माझी लाइन न्हाय. दावतोच तुम्हाला. बल्ब आण गं सुष्मिता." आणि ते ओल्या फरशीवरून मेनकडं निघाले, कळ वर करायला. स्वयंपाकघरात अजून बायका होत्या. एकजण फडक्यानं फ्रीजसमोरचं पाणी पुसत होती. फ्रीजचं बटण चालूच होतं.

मल्लेश बोर्डाच्या आडवा उभा राहिला. कळेवर त्यानं पंजा ठेवला.

"काका, नगो."

"सर की. बल्ब दावायचाय."

"बल्ब खोटा हाय काका. फ्रीज चांगला हाय. त्याला शिव्या घालू नका." त्याचा आवाज इतका बारीक झाला, की पुढचं ऐकायला हॉलमधली माणसं वाकली. "मी चुकलोय. तिथं अर्थच न्हाय. तिसरी वायर गेली न्हाय म्हणून मी न्यूट्रललाच जोडून ठेवलीती. बल्ब त्यानं पेटला. आणि मिक्सरच्या भोकात दोन वायरी घातल्या. त्यातली एक सुटली. आक्कांना जो झटका बसला तो माझा हाय."

चनबसाप्पांचा हात उठला. सगळ्यांना वाटलं, आता बसली. पण तो हात हवेतच राहिला, मग खाली आला. ते मटकन खुर्चीत बसले. "तुला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं. "काल, मी सगळ्यांना दावत हुतो तवा?"

"व्हय."

"आणि गप बसलास."

"व्हय."

कृष्णातनं मल्लेशच्या आणि आपल्या मधलं ताट उचलून पलीकडं ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. "भाईर हो," चनबसाप्पा म्हणाले, आवाज न चढवता. "माझ्या घरातनं भाईर हो."

मल्लेश बाहेर गेला, पण घरी गेला नाही. फाटकाशी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसून राहिला. आत जेवणाच्या पंगती दिव्याविना, पंख्याविना उठत होत्या. उन्हानं माळ तापला होता. येणारा-जाणारा त्याच्याकडं बघून पुढं जात होता. पट्टी चांगली आली नाही तर काय करायचं? पळून कुठं जाणार? आणि पळून गेला तरी ते तीन श्वास बरोबर येणार होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हात जोडले, ते कुणाला दिसतील म्हणून मांडीआड जोडले.

ऊन कलायला लागल्यावर गाडी आली. राजवर्धननं दार उघडलं आणि आक्का आपल्या पायांनी उतरल्या. पट्टी चांगली होती. मल्लेशला रडू आलं. भर रस्त्यात, शर्टाच्या फाटक्या बाहीत तोंड घालून तो रडला. आक्का त्याच्यासमोर येऊन थांबल्या. घडलेलं त्यांना फोनवर कळलंच होतं.

"आत चल," त्या म्हणाल्या.

दारात चनबसाप्पा आडवे आले. "ह्याला नगो. उद्या दुसरा वायरमन आणतो. सगळं उपसून नवीन करून घेतो."

"दुसऱ्याला काय ठावं, ह्यानं भिंतीत कुठं काय दडवलंय? ते ह्यालाच ठावं," आक्का म्हणाल्या. "ह्यानंच उघडायचं. माझ्यासमोर."

मल्लेशनं आधी समोरच्या भिंतीतला फ्रीजचा पॉइंट काढून टाकला. तो तुकडा काढला, वायरी मागं ओढल्या, मिक्सरच्या सॉकेटचं भोक मोकळं करून जळकं सॉकेट बदललं, आणि भिंतीत राहिलेल्या भोकावर कोरी प्लेट मारून ते बंद केलं. चौघांनी मिळून फ्रीज पहिल्या जागी नेला. तिथं तिन्ही वायरी होत्या. दार देव्हाऱ्याच्या चौकटीला लागत होतं. लागू दे, म्हणाल्या आक्का. मल्लेशनं हत्यारं पुसली आणि उभा राहिला.

"झालं आक्का. बाकीचं सगळं घर बरोबर हाय. देवाशपथ."

आक्का खुर्ची ओढून बसल्या. उजवा हात अजून मांडीवरच होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मल्लेशला सोसला असता.

"हे मला कसं कळायचं?"

सबंध घरभर त्यानं जीव ओतून काम केलं होतं. प्रत्येक डब्यात जोड, प्रत्येक जोडाला कनेक्टर, एका भोकात एक वायर. कुणालाही छाती ठोकून दाखवावं असं काम. आणि आता त्यातल्या एकाही भोकावर कुणाचा विश्वास नव्हता. हॉल, चार खोल्या, गच्ची, गोठ्यासाठी राखलेला पॉइंट. सगळंच संशयात.

त्यानं मेन खाली आहे का ते पुन्हा बघितलं. हॉलमधलं दाराजवळचं सॉकेट उघडलं आणि भिंतीतून बाहेर ओढून आक्कांपुढं धरलं.

"ही फेज. ही न्यूट्रल. ही हिरवी, अर्थ. तिघींला तीन भोकं. स्क्रूनं धरलीया का न्हाय, ते वायर ओढली की कळतंय. मी ओढून दावतो."

"तू नगो," आक्का म्हणाल्या.

त्यांनी डावा हात पुढं केला. पहिली वायर चिमटीत धरून ओढली. मग दुसरी. हिरवी त्यांनी दोनदा ओढली. वायर हलली नाही. मल्लेश त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"पुढचं उघड," त्या म्हणाल्या.